निर्णयानंतर पोहोचणारी माहिती

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी सामंजस्य करार केला आणि पथदर्शी टप्प्यात दहा हजार तरुणांना तिकडे पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले. परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, आचारी, वाहनचालक अशा व्यवसायांची यादी जाहीर झाली आणि जर्मन भाषेच्या मोफत प्रशिक्षणाची घोषणा झाली. त्याआधी, डिसेंबर २०२२मध्ये, भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचा करार झालेला होता. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांना द्यायच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. जर्मनीची गरज खरी आहे. तिथली मोठी पिढी निवृत्त होत असताना श्रमबळ टिकवायचे तर वर्षाला सुमारे चार लाख निव्वळ स्थलांतर लागेल, असा तिथल्या श्रमबाजार-संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडच्या प्रशिक्षित तरुणांना पुरेशा पगाराचे काम मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे जावे की जाऊ नये, हा या लेखाचा प्रश्न नाही. जाणाऱ्याची तयारी कोणत्या क्रमाने होते आणि तो क्रम चुकला तर त्याची किंमत कोण मोजते, एवढाच प्रश्न येथे तपासायचा आहे.

परदेशी नोकरीच्या तयारीचे तीन स्वतंत्र भाग पडतात. पहिला भाषेचा. दुसरा पात्रतेच्या मान्यतेचा, म्हणजे इथली पदवी, पदविका किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र तिथल्या कायद्यानुसार किती ग्राह्य धरले जाते, याचा. तिसरा प्रत्यक्ष काम, वेतन, करारातील अटी आणि राहणीमान यांविषयीच्या माहितीचा. या तिन्हींपैकी सर्वाधिक वेळ आणि पैसा पहिल्या भागावर खर्च होतो, दुसरा भाग बहुधा ‘तिथे गेल्यावर होईल’ या आश्वासनावर सोडला जातो आणि तिसरा भाग प्रस्थानाच्या आधी एखाद्या दिवसाच्या सत्रात उरकला जातो. माझ्या मते आजच्या तयारीचा मूळ दोष तिच्या अपुरेपणापेक्षा या क्रमात आहे. निर्णय ज्या माहितीवर घ्यायचा, ती माहिती निर्णय झाल्यानंतर हाती येते.

भाषेला हे अग्रस्थान मिळण्याचे कारण उघड आहे: भाषा मोजता येते. ए-१ ते बी-२ अशा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीची परीक्षा आहे आणि परीक्षेचे प्रमाणपत्र शासनाला, क्लासला, एजंटला आणि वकिलातीला सारखेच वाचता येते. बी-२ या पातळीपर्यंत पोहोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात, असे जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे संस्थाच सांगते. पाळीची नोकरी सांभाळून रोज दोन तासिका करणाऱ्या परिचारिकेला, एकही दिवस खाडा न करता, यासाठी वर्षभराच्या आसपास वेळ लागणार. हा काळ कमी करण्याचे दडपण येते, तेव्हा शिकवणे परीक्षेच्या नमुन्यांकडे झुकते. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चार विभागांत प्रत्येकी साठ टक्के गुण मिळाले की काम झाले, अशी समजूत तयार होते.

वॉर्डात मात्र वेगळीच भाषा लागते. पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना रुग्णांची जी माहिती देतात, ती भराभर, संक्षेपांनी भरलेली आणि अर्ध्या वाक्यांत असते. कोणाची पट्टी बदलली, कोण रात्री झोपले नाही, कोणाचे औषध डॉक्टरांनी बंद केले, हे सारे काही मिनिटांत उरकते आणि त्यातले एक क्रियापद निसटले तरी चूक रुग्णाच्या अंगाशी येते. टेलिफोनवर तर समोरच्याच्या ओठांचा आणि हावभावांचाही आधार नसतो. त्यातच बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या मोठ्या भागात, विशेषतः वृद्धांच्या तोंडी, श्वेबिश बोली आहे. पुण्यात किंवा नागपुरात प्रमाण जर्मन शिकून उत्तम गुण मिळवलेल्या मुलीला ऐंशी वर्षांच्या आजींची तक्रार पहिल्या दिवशी समजणार नाही आणि त्यात तिचा काहीही दोष नसेल. प्रमाणपत्र ही कामाच्या भाषेची पूर्वअट आहे. ते तिची हमी देऊ शकत नाही. हा भेद तिला आधी सांगितला, तर तो सरावाचा विषय होतो. तो तिला तिथे जाऊन कळला, तर आत्मविश्वास खचण्याचे कारण होतो.

मान्यतेचा प्रश्न भाषेपेक्षा अधिक निर्णायक असूनही त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. जर्मन व्यवस्था व्यवसायांचे दोन गट करते. परिचर्येसारखे व्यवसाय कायद्याने नियंत्रित आहेत. तिथे पात्रतेला पूर्ण मान्यता मिळाल्याखेरीज त्या पदावर काम करता येत नाही. इतर बहुसंख्य व्यवसायांत मान्यता हा व्यवसाय करण्याचा परवाना नसला, तरी व्हिसाचा मार्ग आणि वेतनाची पायरी तिच्यावर किंवा तिच्या पर्यायी अटींवर अवलंबून असते. मार्च २०२४पासून लागू झालेल्या तरतुदींनी हे नियम पुष्कळ सैल केले. नियोक्त्याशी करार असेल आणि भाषा ए-२ असेल, तर मान्यतेची प्रक्रिया तिथे गेल्यावर सुरू करता येते. मात्र या मार्गाला एक किमान अट आहे: मूळ देशात मान्य असलेले, किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण किंवा पदवी.

ही अट आपल्या आयटीआयच्या चौकटीत ठेवून पाहिली की तिचे वजन कळते. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. प्लंबर आणि वेल्डर एक वर्षाचे. एकाच संस्थेत, शेजारच्या कार्यशाळांत शिकलेल्या दोन मुलांपैकी एकापुढे हा मार्ग खुला आहे आणि दुसऱ्यापुढे, कौशल्य कितीही असले तरी, केवळ अभ्यासक्रमाच्या लांबीमुळे तो बंद होऊ शकतो. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनही जर्मनीतील साडेतीन वर्षांच्या, कारखाना आणि शाळा यांत विभागलेल्या प्रशिक्षणाशी ताडला जातो, तेव्हा बहुधा अंशतः समकक्ष ठरतो आणि उरलेली तफावत त्याला तिथे काम करता करता भरून काढावी लागते. वाहनचालकाची स्थिती याहून कठीण आहे. भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून फक्त सहा महिने चालतो; नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात आणि मालवाहू ट्रक व्यवसाय म्हणून चालवायचा तर वेगळी व्यावसायिक पात्रता मिळवावी लागते. यांपैकी कोणतीही गोष्ट गुप्त नाही. तरीही भाषेच्या वर्गात नाव घालताना ती सांगितली जाईल अशी व्यवस्था नाही, कारण ती सांगण्याची जबाबदारी कोणावरही टाकलेली नाही.

परिचारिकेच्या बाबतीत ही प्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तिचा अर्ज श्टुटगार्ट येथील प्रादेशिक प्रशासनाकडे जातो. तिथले अधिकारी तिचा जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम जर्मन अभ्यासक्रमाशी विषयवार आणि तासवार ताडतात आणि कुठे काय कमी पडते, याचा लेखी निर्णय देतात. त्यानंतर तिला दोन पर्याय असतात: काही महिन्यांचे पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा. ही तफावत किती निघेल, हे पुष्कळदा तिच्या कौशल्यापेक्षा तिच्या कागदांवर ठरते. कॉलेजने दिलेल्या गुणपत्रकात केवळ विषय आणि गुण असतील, थिअरीचे आणि प्रत्यक्ष वॉर्डातील प्रशिक्षणाचे तास विभागून दाखवलेले नसतील, तर जे शिकलेले आहे तेही सिद्ध करता येत नाही. हे तपशील मूळ कॉलेजातून सही-शिक्क्यानिशी मिळवायचे आणि मान्यताप्राप्त अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून घ्यायचे, हे काम गावी असताना चार हेलपाट्यांत होते. श्टुटगार्टहून तेच काम करायचे तर भावाला कॉलेजच्या ऑफिसात पाठवावे लागते आणि क्लार्क रजेवर असेल तर त्यात आणखी आठवडे जातात. त्या काळात ती सहायक म्हणून काम करते आणि सहसा सहायकाचाच पगार घेते.

तिसऱ्या भागातील, म्हणजे कामाच्या स्वरूपाविषयीच्या अज्ञानाचा परिणाम हळूहळू दिसतो आणि अधिक काळ टिकतो. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे ही कामे नातेवाईक, आया किंवा मावशी करतात. प्रशिक्षित परिचारिका औषधे, इंजेक्शने, यंत्रे आणि नोंदी पाहते. जर्मनीत शरीराची ही मूलभूत शुश्रूषा परिचारिकेच्या व्यावसायिक कामाचा गाभा मानली जाते, तर इथे ती सर्रास करत असलेल्या काही वैद्यकीय क्रिया तिथे डॉक्टरांच्या अखत्यारीत असतात. अतिदक्षता विभागात चार वर्षे काढलेल्या परिचारिकेला पहिल्या आठवड्यात हे समजले, तर आपली पायरी खाली आली असेच तिला वाटणार. वास्तविक हा दोन व्यवस्थांनी परिचर्येची केलेली वेगळी आखणी आहे आणि त्यामागे रुग्णाच्या प्रतिष्ठेचा गंभीर विचार आहे. पण तो विचार आधी समजावला गेला नसेल, तर अनुभव अपमानाचाच येतो. वेतनाचेही तसेच. जाहिरातीतला आकडा एकूण पगाराचा असतो. एकट्या व्यक्तीच्या हातात येईपर्यंत कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि बेरोजगारीविमा यांपोटी त्यातून जवळपास एक तृतीयांश वजा होतो आणि मग श्टुटगार्टसारख्या महाग शहरातले घरभाडे सुरू होते. घरी पाठवायच्या रकमेचा हिशेब मात्र जाहिरातीतल्या आकड्यावर केलेला असतो.

ही सारी माहिती शेवटच्या सत्रात दिली तर काय बिघडते? बिघडते ते असे. त्या दिवसापर्यंत उमेदवाराने नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, क्लास, परीक्षा, भाषांतरे आणि प्रवास यांवर खर्च केलेला असतो, त्यासाठी कदाचित कर्ज काढलेले असते आणि घरात, गावात, नात्यांत ‘पोरगी जर्मनीला चालली’ हे सर्वांना ठाऊक झालेले असते. इतके गुंतल्यानंतर मिळालेली प्रतिकूल माहिती माणूस निर्णय बदलण्यासाठी वापरत नाही. तो तिच्याकडे दुर्लक्ष करतो किंवा ‘बघू, पुढचे पुढे’ म्हणून ती बाजूला सारतो. यात त्याचा मूर्खपणा नाही. मागे फिरण्याची किंमत पुढे जाण्याच्या धोक्यापेक्षा मोठी झालेली असते. फिलिपीन्सने हा भेद धोरणातच मान्य केला आहे. प्रस्थानपूर्व सत्र तिथे १९८० च्या दशकापासून सक्तीचे आहे. पण त्याशिवाय नोकरीसाठी अर्ज करण्याच्या टप्प्यावरचे वेगळे सत्र आहे, कारण निघणाऱ्याला लागणारी माहिती आणि ठरवणाऱ्याला लागणारी माहिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपली राष्ट्रीय चौकट निघणाऱ्याभोवती उभी आहे आणि त्यातही विशिष्ट निघणाऱ्याभोवती. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखालील मंजुरी मुख्यतः दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि आखाती देशांसह अठरा ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे; २०१५पासून त्या देशांत जाणाऱ्या परिचारिकांनाही ती लागू झाली. परराष्ट्र मंत्रालयाचे २०१८पासूनचे एक दिवसाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षणही प्रामुख्याने याच वर्गासाठी आहे. जर्मनीला जाणारी पदवीधर परिचारिका किंवा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन या मंजुरीच्या कक्षेत येत नाही. शिकलेला माणूस स्वतःचे हित पाहू शकतो, हे गृहीतक यामागे आहे आणि पासपोर्ट, तिकीट, पगार अशा गोष्टींपुरते ते बरोबरही आहे. परंतु दुसऱ्या देशातील समकक्षतेचा कायदा, करारातील परतफेडीचे कलम, नियोक्त्याशी बांधलेला निवास-परवाना या बाबी शिक्षणाने आपोआप कळत नाहीत. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्कावर तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे; पण भाषेचा वर्ग, कागदपत्रे, भाषांतर, मार्गदर्शन अशा वेगवेगळ्या शीर्षकांखाली रक्कम विभागली गेली, की ती मर्यादा सांभाळूनही एकूण खर्च तिच्या कितीतरी पट होऊ शकतो.

यामागचे अधिक खोल कारण प्रत्येक संस्थेच्या मोजमापात आहे. शासन प्रशिक्षणार्थी मोजते. क्लास उत्तीर्ण मोजतो. एजंट रवानगी मोजतो. नियोक्ता हजर झालेले कर्मचारी मोजतो. या साखळीतील प्रत्येक जण आपापल्या मापाने यशस्वी ठरू शकतो आणि तरीही ती परिचारिका दोन वर्षांनी सहायकाच्याच पदावर असू शकते, कारण तिचे दोन वर्षांनंतरचे पद कोणाच्याही तक्त्यात नाही. ज्या निष्पत्तीची नोंद होत नाही, तिच्यासाठी कोणी खर्च करत नाही. आणि ज्या टप्प्याचा धोका संस्थेवर पडत नाही, त्या टप्प्याची माहिती आधी देण्यात तिला तोटाच दिसतो, कारण त्या माहितीने काही उमेदवार गळतील. म्हणजे माहिती उशिरा पोहोचणे हा अपघात राहत नाही. व्यवस्थेच्या मोजण्याच्या पद्धतीतून तो जवळपास अटळ होतो.

याचे परिणाम काय होतील, याचा अंदाज इतर देशांच्या अनुभवावरून बांधता येतो. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२मध्ये शुश्रूषा-सेवकांसाठी व्हिसा खुला केला. तो नियोक्त्याच्या प्रायोजकत्वाशी बांधलेला होता. नियोक्त्याचा परवाना गेला की कामगाराला सर्वसाधारणपणे साठ दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागे. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ४७०हून अधिक नियोक्त्यांचे परवाने रद्द झाले आणि सुमारे ३९ हजार कामगार त्यात अडकले. जुलै २०२५मध्ये परदेशातून ही भरती बंदच करण्यात आली. जर्मनीची व्यवस्था याहून बरीच सुरक्षित आहे: परिचर्येसाठी न्याय्य भरतीचे शासकीय गुणचिन्ह आहे, त्यात भरतीचा खर्च नियोक्त्याने सोसायचा असतो आणि परतफेडीची अवाजवी कलमे तिथली न्यायालये अवैध ठरवू शकतात. तरीही भाषेचा आणि भरतीचा खर्च परत केल्याशिवाय अमुक महिने नोकरी सोडता येणार नाही, असे कलम करारात असेल, तर त्याला आव्हान देता येते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी ते वैधच असते.

कॅनडाचा धडा उलट दिशेने तिथेच पोहोचतो. तिथे कुशल स्थलांतरिताची निवड गुणांकनाने होते आणि नियोक्ता नसतानाही कायम वास्तव्य मिळू शकते. २००७मध्ये कॅनडाने भारत, चीन आणि फिलिपीन्स येथे प्रस्थानपूर्व मार्गदर्शनाचा प्रकल्प सुरू केला. त्यात एका दिवसाचे गटसत्र, वैयक्तिक नियोजन आणि तिथल्या संस्थांशी आधीच संपर्क असे घटक होते. प्रकल्प विचारपूर्वक आखलेला होता. पण डॉक्टर, अभियंते, शिक्षक यांचे परवाने प्रांतांच्या व्यावसायिक मंडळांच्या हाती होते आणि ‘कॅनडातील अनुभव’ मागणाऱ्या अटीचा अडसर कायम होता. ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३मध्ये अशी सरसकट अट भेदभावाची ठरते, अशी भूमिका घेतली आणि अनेक नियंत्रित व्यवसायांतून ती हटवणारा कायदा २०२१मध्ये आला. मार्गदर्शन कितीही चांगले असले, तरी मान्यतेतील अडथळा ते दूर करू शकत नाही. फार तर त्याची पूर्वसूचना देऊ शकते. ती पूर्वसूचना व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्यावर मिळत असेल, तर तिचा उपयोग आणखी घटतो.

क्रम बदलला नाही, तर महाराष्ट्रात काय घडण्याची शक्यता आहे? काही जण निश्चितच स्थिरावतील आणि त्यांची छायाचित्रे छापून येतील. काही जण पात्रतेपेक्षा खालच्या कामात वर्षे काढतील. त्यांच्या हातातील कौशल्य न वापरल्याने बोथट होईल, परंतु नोंदीत ते ‘परदेशी रोजगार मिळालेले’ म्हणूनच राहतील. काही जण भाषा शिकूनही इथेच थांबतील, कारण त्यांचा व्यवसाय किंवा अभ्यासक्रमाची लांबी कोणत्याच मार्गात बसणार नाही. त्यांचे एक वर्ष कोणाच्याही हिशेबात नसेल. आणि या अनुभवांच्या कथा तालुक्या-तालुक्यांत पसरल्या, की शासकीय मार्गावरचा विश्वास उडून तरुण पुन्हा खासगी मध्यस्थांकडे वळतील, जिथे माहिती याहून कमी आणि शुल्क याहून जास्त असेल.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की आज सर्व माहिती इंटरनेटवर उपलब्ध आहे. ती आहे, पण ती सर्वसाधारण आहे, बहुतांश जर्मन किंवा इंग्रजीत आहे आणि तिच्यातला कोणता नियम आपल्या प्रमाणपत्राला लागू पडतो, हे ठरवायला तज्ज्ञ लागतो. २०२४मध्ये सुरू झालेले ‘संधी-कार्ड’ हे याचे उदाहरण आहे. ते वर्षभर राहून नोकरी शोधण्याची मुभा देते, त्यासाठी स्वतःच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते आणि त्या काळात आठवड्याला वीस तासच काम करता येते. तरीही अनेकांच्या मनात ते नोकरीसहचा व्हिसा म्हणून बसले आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतके स्पष्ट सांगितले तर मुले घाबरतील आणि संधी जाईल. काही जण मागे फिरतील, हे खरे. मात्र ज्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पात्रच ठरत नाही, त्याने आठ महिने भाषा शिकण्याआधी मागे फिरणे किंवा दुसरा मार्ग निवडणे, हीच त्या माहितीची फलश्रुती आहे.

म्हणून उपाय नवे अभ्यासक्रम वाढवण्यापेक्षा आहे त्या टप्प्यांचा क्रम पालटण्यात आहे. भाषेच्या पहिल्या तासिकेआधी उमेदवाराच्या प्रमाणपत्रांची प्राथमिक छाननी व्हावी आणि त्याचा व्यवसाय कोणत्या मार्गात बसतो, हे त्याला लेखी मिळावे. तासवार अभ्यासक्रमाचे कागद कॉलेजांनी ठरावीक मुदतीत द्यावेत, अशी सूचना परिचर्या परिषद आणि व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय यांना काढता येईल. तिला फारसा खर्च नाही. करार मराठीत समजावून सांगितला जावा आणि तो राजीनाम्याच्या आधी. त्यात मान्यता मिळेपर्यंतचे पद, त्या काळातील हातात येणारा पगार, परतफेडीच्या अटी आणि ज्ञानपरीक्षेत अपयश आल्यास पुढे काय, या चार प्रश्नांची उत्तरे असावीत. आणि शासनाने आपले यश प्रस्थानाच्या दिवशी मोजणे थांबवून चोवीस महिन्यांनी मोजावे: किती जणांना पूर्ण मान्यता मिळाली, किती जण स्वतःच्या व्यवसायात आहेत, किती परतले आणि का. हा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध झाला, तर पुढच्या तुकडीतील उमेदवाराला कोणत्याही मार्गदर्शन-सत्रापेक्षा अधिक माहिती त्यातून मिळेल आणि साखळीतील प्रत्येक संस्थेला त्या आकड्यांची जबाबदारी घ्यावी लागेल. तोपर्यंत राजीनामा लिहायला बसलेल्या प्रत्येकाने त्या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. ती मिळत नसतील, तर धोका कोणाच्या माथी येणार आहे, हे त्याला तेवढ्यावरूनच कळेल.